कॉलेजनं फी भरली म्हणून गुडघा कॉलेजचा होत नाही

"ताई, मी सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, सध्या पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कबड्डी खेळते, डाव्या कोपऱ्यावर पकड करते. बारावीनंतर इथल्या कॉलेजनं खेळावर प्रवेश दिला. फी माफ, होस्टेल आणि मेस फुकट. सगळं मिळून वर्षाला ८० हजारांच्या आसपास होतं, घरून एवढं येणं शक्यच नव्हतं. सकाळी साडेपाच ते आठ आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसात प्रॅक्टिस, फक्त रविवारी सुट्टी. अकराच्या लेक्चरला मला झोप आवरत नाही. मागच्या सेमिस्टरला ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पेपर राहिला. या सेमिस्टरला तीन प्रॅक्टिकल बुडाली, जर्नल अपुरं आहे. मॅडम म्हणतात सही मिळणार नाही. सर म्हणतात बी.ए.ला जा, सोपं पडेल. पण मला केमिस्ट्री आवडते. टायट्रेशन करताना, म्हणजे नळीतून द्रव थेंब थेंब सोडताना, एका थेंबात रंग गुलाबी होतो ना, तो बघायला मला फार आवडतं. ऑक्टोबरपासून डावा गुडघा मधूनच दगा देतो, क्रेप बँडेज बांधून खेळते. पप्पा विचारतात, कबड्डीनं पोट भरणार आहे का? सरांना काही सांगायला गेलं की म्हणतात, 'फी कोण भरतंय ते विसरू नकोस.' मग मी गप्प बसते. कबड्डी सोडली तर शिक्षण सुटतं आणि कबड्डी धरली तरी सुटतंयच. काय करू? नाव छापू नका."

लेकी,

आधी सरांच्या त्या वाक्याचं बघू. फी कोण भरतंय हे तू एक दिवसही विसरलेली नाहीस, आणि तुझी अर्धी अडचण तिथेच आहे. गुडघा दुखतो हे सांगायची तुला लाज वाटते. प्रॅक्टिकलला जाऊ द्या म्हणायची चोरी वाटते. कोणीतरी आपल्यावर उपकार केलाय आणि आता तोंड उघडलं तर आपण कृतघ्न ठरू, असं तुझ्या मनानं घेतलंय. पत्रात तू तीन वेळा 'मग मी गप्प बसते' असं लिहिलंस, छापताना आम्ही ते एकदाच ठेवलं.

म्हणून एक हिशेब कर. सकाळचे अडीच तास, संध्याकाळचे तीन, आठवड्याचे सहा दिवस. आठवड्याला ३३ तास झाले. वर्षातले ४० आठवडे धरले तर १,३२० तास. तुला मिळणाऱ्या ८० हजारांना त्यानं भागलं की तासाला साधारण ६० रुपये येतात. स्पर्धांचा प्रवास, मॅचचे दिवस आणि दिवाळीच्या सुट्टीतलं शिबिर यात धरलेलंच नाही. हा आकडा मी भांडायला देत नाहीये. सरांपुढे तो मांडूही नकोस. तुझ्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेव, म्हणजे पुढच्या वेळी मान खाली जायला लागली की तो आठवेल. कॉलेज तुला देतंय आणि तूही कॉलेजला देतेयस. तू मैदानावर तुझा वाटा रोज सकाळी अंधारात उठून पुरा करतेस. शिकवण्याचा वाटा कॉलेजचा आहे, आणि तो मागायला जाणं म्हणजे भीक मागणं नव्हे.

अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचं उदाहरण देते. तिकडे शिष्यवृत्तीवर खेळणारी मुलं हजारोंनी आहेत आणि शोषणाच्या तक्रारीही भरपूर आहेत. तरी त्यांच्या नियमात हंगामाच्या काळात आठवड्याला २० तास, दिवसाला ४ तास आणि एक दिवस पूर्ण सुट्टी अशी मर्यादा लिहिलेली आहे. पळवाटा काढतातच, प्रवास आणि दुखापतीवरचे उपचार त्या तासांत मोजत नाहीत. पण निदान 'किती झालं की जास्त झालं' याची एक रेघ तिथे मारलेली आहे. तुझ्याकडे ती रेघ कोणी मारलेली नाही. ती तुलाच मारून घ्यावी लागणार आहे.

आता गुडघा. याबाबतीत मी सल्ला देत नाही, बजावून सांगतेय. गुडघा दुखणं वेगळं आणि गुडघा 'दगा देणं' वेगळं. चालता-धावताना पायाखालची जमीन सरकल्यासारखं होतं, गुडघा आपला राहत नाही, असं होत असेल तर आतलं लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा, गेलेलं असू शकतं. धावता धावता एकदम थांबणं, वळणं, उडी मारून एका पायावर उतरणं अशा खेळांत मुलींचं हे लिगामेंट मुलांपेक्षा कितीतरी जास्त वेळा तुटतं. त्यात तू डावा कोपरा. चढाईवाली बोनस गुणासाठी पाय टाकते आणि तू खाली झेपावून तिचा घोटा धरतेस. तिचं सगळं वजन, सगळी ओढ तुझ्या त्याच गुडघ्यावर येते. क्रेप बँडेजनं यातलं काहीही थांबत नाही. बांधल्यावर धीर येतो, एवढंच. मालिशवाल्याकडे जाऊ नकोस, कोणी 'बसवून देतो' म्हणालं तर हात लावू देऊ नकोस. अस्थिरोगतज्ज्ञाला दाखव. पुण्यात ससून हे सरकारी रुग्णालय आहे, तिथे दाखवायला घरच्यांकडून मोठी रक्कम मागवावी लागणार नाही. आणि खेळायला हरकत नाही असा डॉक्टरांचा दाखला हातात येईपर्यंत मॅटवर उतरू नकोस. सराव बघायला जा, बाजूला बसून गुण लिही, पण पकड करायला जाऊ नकोस. ऑपरेशनची वेळ आली तर मैदानावर परतायला नऊ महिने, कधी वर्षही लागतं. आज तीन आठवडे थांबलीस तर ती वेळ कदाचित टळेलही.

कॉलेजचा विद्यार्थी अपघात विमा आहे का, तो सरावातल्या दुखापतीला लागू होतो का, हे ऑफिसात विचारून घे. प्रवेशाच्या वेळी शिष्यवृत्तीचं काही पत्र दिलं होतं का? दिलं असेल तर शोध. नसेल तर लेखी अटी माग. दुखापत झाली तर सवलत चालू राहते का, दर वर्षी नव्यानं मंजूर होते का, एटीकेटी लागली तर काय, हे तीन प्रश्न त्यात शोधायचे. तू आत्ता ज्या भीतीनं खेळतेयस, ती भीती कुठे लिहिलेली आहे की नुसती बोललेली आहे, हे तरी कळेल. माझा अनुभव असा, की बऱ्याचदा ती नुसती बोललेली असते.

अकराच्या लेक्चरची झोप. तुला वाटतं तू आळशी आहेस, लक्ष नाही, सायन्स झेपत नाही. मी २६ वर्षं होस्टेलच्या खेळाडू मुली पाहिल्यात. त्यांच्यातली जी वर्गात पेंगायची तिला मी आधी रक्त तपासायला पाठवायचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. खेळणाऱ्या मुली काही त्यातून सुटलेल्या नसतात. घामातून, पाळीतून लोह जातं आणि मेसच्या पातळ वरणातून ते भरून निघत नाही. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तुझ्या झोपेचा आणि तुझ्या बुद्धीचा काही संबंध नाही. हिमोग्लोबिन बरं आलं तरी डॉक्टरांना फेरिटिन करू का म्हणून विचार. साठ्यातलं लोह संपत आलेलं त्यात कळतं. गोळ्या मात्र रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी दिल्या तरच घ्यायच्या. तोवर जेवणात लिंबू पिळ, डब्यात गूळ-शेंगदाणे ठेव, घरून अळिवाचे लाडू मागव. आणि जेवणावर लगेच चहा घेत असशील तर तासभर पुढे ढकल, चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. आमच्या होस्टेलवर एक लांब पल्ल्याची धावपटू होती, हिमोग्लोबिन ८.६. ती दोन वर्षं स्वतःला 'मठ्ठ' म्हणवून घेत होती. चार महिन्यांच्या उपचारांनंतर ती वर्गात पहिल्या बाकावर बसायला लागली, आणि तिची वेळही सुधारली.

दुसरं, तू झोपतेस कधी? पत्रात लिहिलेलं नाहीस. होस्टेलमध्ये बाराच्या आत दिवे मालवत नाहीत आणि तुला पाचला उठायचं असतं. कमी झोपणाऱ्या तरुण खेळाडूंना दुखापती जास्त होतात, हे अभ्यासांतून दिसून आलंय. तेव्हा रात्रीचा अभ्यास सोड. हो, सोड. रात्री नऊनंतर तू वाचतेस ते डोक्यात राहत नाही, फक्त वाचल्याचं समाधान राहतं. दहाच्या आत अंथरुणावर. खोलीतल्या मुलींना सांगून बघ, ऐकतील. नाही ऐकल्या तर रेक्टरकडून खोली बदलून घे. खेळाडू मुली एका खोलीत राहिल्या की सगळ्यांचाच दिवा लवकर मालवतो.

मग अभ्यास कधी? सगळा अभ्यास एका जातीचा नसतो. नावं, व्याख्या, अभिक्रियांचे क्रम हे स्पर्धेला जाताना रेल्वेत, वॉर्म-अपच्या आधी पायऱ्यांवर बसूनही होतं, त्यासाठी खिशात मावेल अशी छोटी वही कर. ऑरगॅनिकच्या यंत्रणा, म्हणजे कुठलं इलेक्ट्रॉन कुठे जातं ते बाण, हे नुसतं वाचून येत नाही, हातानं काढावं लागतं. त्याला दुपारच्या जेवणानंतरचा पाऊण तास दे, लायब्ररीत, फोन बॅगेत. रोज दोन अभिक्रिया, कोऱ्या कागदावर, न बघता. आणि प्रॅक्टिकल? ते ना रेल्वेत होतं ना लायब्ररीत. लेक्चर बुडालं तर मैत्रिणीची वही मिळते, टायट्रेशनची ब्युरेट मात्र होस्टेलवर आणता येत नाही. म्हणून दोन्हींत निवडायची वेळ आली तर लेक्चर सोड, प्रॅक्टिकल सोडू नकोस. संध्याकाळच्या सरावाला भिडणारी बॅच असेल तर आजच बॅच बदलून मागण्याचा अर्ज कर. हा बदल विभागात सहज होतो, फक्त कोणीतरी मागावा लागतो.

बुडालेल्या तीन प्रॅक्टिकलचं असं कर. मॅडमकडे जर्नल घेऊन सहीसाठी जाऊ नकोस. रिकाम्या हातानं जा आणि म्हण, "मॅडम, माझी तीन प्रॅक्टिकल राहिलीत, दुसऱ्या बॅचबरोबर उभी राहून करू का? मला ती शिकायचीयत." दुसऱ्याचं जर्नल उतरवून सही मागणारी मुलं त्यांच्याकडे रोज येत असतात. करायला मागणारी क्वचित येते. आणि त्यांना तो गुलाबी रंगाचा किस्सा सांग. खरंच सांग. शिक्षकाला असं ऐकायला मिळालं की त्याचा आठवडा चांगला जातो.

बी.ए.ला जाण्याबद्दल. बी.ए. कमी प्रतीचं आहे असं मी मानत नाही, मराठी आणि इतिहास मन लावून शिकलेल्या माझ्या विद्यार्थिनी आज उत्तम काम करतायत. पण तू तिकडे जाशील ती इतिहास आवडतो म्हणून नाही, सरावाला अडथळा नको म्हणून. असं घेतलेलं बी.ए.सुद्धा तुला धड करता येणार नाही. आणि तो एक थेंब पडून रंग फिरताना बघण्याचा आनंद ज्या मुलीला विसाव्या वर्षी कळलाय, तिनं प्रयोगशाळा सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

पप्पांचा प्रश्न मात्र रास्त आहे, त्यावर रागावू नकोस. पुरुषांच्या प्रो कबड्डीला २०१४ मध्ये सुरुवात झाली, पैसा आला. मुलींसाठी २०१६ मध्ये तीन संघांचा एक प्रयोग झाला, तो पुढे तसा चालला नाही. म्हणजे मुलींना आजही रेल्वे, पोलिस, बँका आणि सरकारी नोकरी हाच खरा रस्ता. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांमध्ये खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे तुला माहीत असेल. पण मुलं इथेच फसतात. आरक्षणानं स्पर्धा कमी होते, पदाला लागणारी पदवी माफ होत नाही. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली, आणि पुढे उपजिल्हाधिकारी झाली. पप्पांना ही गोष्ट सांग, पण अर्धी नको. कितीही वेगानं धावलं तरी त्या खुर्चीसाठी पदवीचा कागद लागतो, हेही सांग. सगळी मूळ प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये प्लॅस्टिकच्या कव्हरात ठेव, त्यांची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. खोट्या प्रमाणपत्रांमुळे आता बारकाईनं बघतात. एकही प्रमाणपत्र सरांकडे 'नंतर देतो' म्हणून राहू देऊ नकोस.

हे मी का सांगतेय? मी खो-खो खेळायचे. शेवटच्या वर्षाला स्पर्धेला गेले आणि नेमकी त्याच दिवशी प्रॅक्टिकलची परीक्षा आली. मला परवानगी मिळावी म्हणून लिहिलेलं पत्र क्रीडा शिक्षकांकडे दिलं होतं, त्यांनी "मी बघतो" म्हटलं. परत आले तेव्हा ते पत्र त्यांच्या टेबलाच्या खणात, हजेरीपटाखाली, मी घडी घातली होती तशीच पडलेलं सापडलं. माझं वर्ष गेलं. संघ जिंकला होता, त्याचा फोटो नोटीस बोर्डावर लागला होता आणि मी त्याच बोर्डावर नापासांच्या यादीत होते. सर वाईट नव्हते. विसरले. पण त्यांच्या विसरण्याची किंमत माझ्या खात्यावर लागली.

म्हणून तुझ्या सरांना मी दुष्ट म्हणणार नाही. त्यांच्यावरही निकालाचा दाब असेल. पण कॉलेज खेळाडूच्या पाठीशी उभं राहतं म्हणजे काय, हे आपल्याच भागात एकदा दिसलंय. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये दिले. खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक आणलं. घर गहाण ठेवणाऱ्या माणसाला 'पैसे कोणी दिले ते विसरू नकोस' असं म्हणावं लागत नाही. ते पोराला आपोआप लक्षात राहतं.

सरांशी एकटीनं बोलायला जमत नसेल तर संघातल्या एका सीनियरला बरोबर घे. सरावाच्या ऐन वेळी नको, सर ऑफिसात बसलेले असताना जा. "सर, मला खेळायचंय, पुढची दोन वर्षं खेळायचंय. त्यासाठी गुडघा दाखवून घेते, डॉक्टरांनी सांगेपर्यंत पकडीचा सराव करणार नाही. आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी संध्याकाळी अर्धा तास उशिरा येईन." एवढंच. माफी मागू नकोस, कारणांची माळ लावू नकोस. त्यांनी फीचा विषय काढला तर म्हण, "लक्षात आहे सर, म्हणूनच पास व्हायचंय." त्यांनी खरोखरच सवलत काढून घेण्याची धमकी दिली, तर ती लेखी मागायची आणि तुमच्या प्राचार्यांकडे जायचं. तशी वेळ आली तर मला परत लिही, पुढचं पत्र आपण मिळून लिहू.

आणि तोंडी बोललेलं सगळं त्याच दिवशी कागदावर उतरव. बॅच बदलाचा अर्ज, दुखापतीची माहिती, पुढच्या स्पर्धेच्या तारखा आणि त्या काळातल्या परीक्षांबद्दलची विनंती, प्रत्येकाचा वेगळा अर्ज. विद्यापीठाच्या स्पर्धेला गेल्यावरची गैरहजेरी बहुतेक ठिकाणी हजेरीत धरून देतात, रोजच्या सरावाची धरत नाहीत, हे लक्षात ठेवून तारखा लिही. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती काढ. एक ऑफिसात द्यायची, दुसरीवर आवक क्रमांकाचा शिक्का आणि तारीख मारून घ्यायची. क्लार्क म्हणेल, "ठेवून जा, मारतो नंतर." तिथेच उभी राहा.

तुझी,
ताई